एंजलफिश पाळायचाय? मासा सगळ्यात शेवटी आणा

दुकानातला एंजल बहुतेक वेळा पाच रुपयांच्या नाण्याएवढा असतो. साधारण वर्षभरात तोच मासा तळहातात मावेनासा होतो. तोंडापासून शेपटीपर्यंत तो १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, आणि वरच्या पराच्या टोकापासून खालच्या पराच्या टोकापर्यंत मोजलं तर २० सेंटिमीटर सहज भरतो. नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं जगतो. तरीही नव्याने मासे पाळणाऱ्यांच्या घरी आलेले कितीतरी एंजल पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच मरतात. मासा नाजूक आहे म्हणून नव्हे. टाकी, खडी, फिल्टर आणि मासे एकाच रविवारी, एकाच रिक्षातून घरी येतात म्हणून. हा क्रम बदलला की निम्मी लढाई जिंकली. म्हणून या लेखात मासा निम्म्यानंतरच येईल.

मासा मुळात कुठला

एंजल हा सिक्लिड कुळातला, गोड्या पाण्यातला मासा. ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात, म्हणजे पेरू, कोलंबिया, ब्राझील या भागात, संथ वाहणाऱ्या आणि झाडांची मुळं, बुडालेल्या फांद्या, उंच पाणवनस्पती यांनी भरलेल्या पाण्यात तो राहतो. अशा दाटीतून सरकता यावं म्हणून अंग पानासारखं चपटं, आणि सावल्यांत मिसळून जावं म्हणून अंगावर उभे काळे पट्टे. या दोन गोष्टींवरून त्याला काय हवं ते कळतं: उंची, आडोसा, कोमट आणि संथ पाणी.

आपल्याकडे मिळतो तो टेरोफायलम स्केलारे. सिल्व्हर, मार्बल, कोई, ब्लॅक, प्लॅटिनम, लांब परांचा व्हेल टेल ही सगळी याच जातीची माणसाने निवडून वाढवलेली रूपं, त्यामुळे त्यांची देखभालही सारखीच. अल्टम ही वेगळी, अधिक उंच जात आहे. तिला फार मऊ (म्हणजे क्षार फार कमी असलेलं) आणि आम्लधर्मी पाणी लागतं, नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये. समुद्रातले एंजलफिश तर वेगळ्याच कुळातले, त्यांचा आपल्याशी इथे संबंध नाही.

टाकी: लांबीइतकीच उंची बघा

काचेचं गोल भांडं, फूटभराची टाकी, टेबलावरचा शोभेचा क्यूब, यांत एंजल ठेवू नये. कमी उंचीच्या टाकीत त्याचे पर वाकडे वाढतात आणि एकदा वाकले की ते सरळ होत नाहीत.

नव्या माणसाला मी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच ही टाकी सुचवते. हिच्यात काठोकाठ १५९ लिटर मावतात, पण वाळू, लाकूड आणि वरची मोकळी जागा सोडली तर प्रत्यक्षात १३०-१४० लिटर पाणी राहतं. एवढ्यात पाच-सहा पिल्लं वाढवता येतात. जागाच नसेल तर दोन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टाकी चालेल, पण ती फक्त एका जोडीसाठी. दोन फुटी टाकी घ्याल तेव्हा एक फूट उंचीची स्वस्तातली घेऊ नका. पैसे उंचीवर खर्च करा.

टाकी बनवून घेत असाल तर दीड फूट उंचीला ८ मिलिमीटरची काच सांगा. भरलेल्या तीन फुटी टाकीचं वजन पावणेदोनशे-दोनशे किलोच्या घरात जातं, म्हणून टीव्ही युनिटवर किंवा हलत्या टेबलावर ती ठेवू नका. लोखंडी स्टँड, त्यावर प्लायवूड, त्यावर टाकीच्या तळाएवढी थर्माकोलची शीट आणि मग टाकी. शीट ठेवल्याने एखादा बारीक खडा किंवा प्लायची उंचसखल जागा काचेला तडा देत नाही. जागा अशी निवडा की थेट ऊन येणार नाही आणि प्लग पॉइंट जवळ असेल. वायर प्लगकडे जाताना मध्ये थोडी खाली झोळ खाऊन मग वर जायला हवी, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये शिरत नाही.

आत काय घालायचं

तळाला बारीक नदीची वाळू किंवा गुळगुळीत बारीक खडी, दीड-दोन इंच. वाळू बादलीत घेऊन हाताने ढवळत, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. कितीही वेळा धुतली तरी थोडा गढूळपणा पहिल्या दिवशी राहतोच. तो एक-दोन दिवसांत बसतो.

संगमरवराचे तुकडे, समुद्रावरून वेचलेले शिंपले-शंख, पोवळं हे टाकीत नको. त्यांतला चुना हळूहळू विरघळतो आणि पाणी जड होत जातं. एखाद्या दगडाची शंका असेल तर त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसला तर तो दगड बाहेरच राहू दे.

ड्रिफ्टवूडचा एखादा उभा तुकडा, मागे व्हॅलिस्नेरियाची रांग, मध्ये ॲमेझॉन स्वोर्ड, लाकडाला दोऱ्याने बांधलेलं अनुबियास किंवा जावा फर्न, एवढं पुष्कळ. या वनस्पतींना फारसे लाड लागत नाहीत. पुढचा मधला भाग मोकळा ठेवा, एंजलला वळायला जागा लागते.

आणि एक गोष्ट आपल्याकडे फुकट मिळते. मुंबईत, कोकणात, पुण्याच्या जुन्या सोसायट्यांत देशी बदामाची झाडं जागोजाग आहेत. त्यांची स्वतःहून गळलेली, पूर्ण वाळलेली तपकिरी पानं घ्या. रस्त्याच्या धुळीतली नकोत, फवारणी झालेल्या बागेतली तर मुळीच नकोत. धुवून दोन पानं टाकीत टाका. पहिले एक-दोन दिवस ती वर तरंगतात, मग बसतात आणि पाण्याला फिका चहाचा रंग येतो. एंजलच्या मूळ पाण्याचा रंग जवळपास असाच असतो. पाहुणे ‘पाणी घाण झालंय का?’ म्हणून विचारतात, पण त्या रंगात हे मासे मोकळेपणी फिरताना दिसतात.

कोणतं पाणी

धरणाचं नळाला येणारं पाणी एंजलला बहुधा मानवतं. अडचण असते ती क्लोरिनची. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवून क्लोरिन उडून जातं, पण दर आठवड्याला ४० लिटर पाणी साठवून ठेवणं फ्लॅटमध्ये जमत नाही. अँटी-क्लोरिनचे थेंब घ्या आणि बाटलीवर लिहिलेल्या मापानेच घाला.

बोअरच्या पाण्याचं प्रकरण वेगळं. मराठवाड्यात, विदर्भात, पुण्या-ठाण्याच्या कडेच्या नव्या वस्त्यांत ते अनेकदा इतकं क्षारयुक्त असतं की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. दुकानातले एंजल टाकीतच जन्मलेले असल्याने साडेसहा ते साडेसात पीएच (पाणी किती आम्लधर्मी याचं माप) त्यांना सोयीचा असतो, थोडं इकडे-तिकडेही ते जुळवून घेतात. पाणी फारच जड असेल तर त्यात आरओचं पाणी मिसळा. नुसतं आरओचं पाणी मात्र नको, त्यात क्षार जवळजवळ नसतातच आणि पीएच अचानक घसरू शकतो. पीएच बदलणारी रसायनं ओतत बसण्यापेक्षा एकसारखं राहणारं पाणी केव्हाही चांगलं.

सायकलिंग: सगळा खेळ इथे आहे

मासा पाण्यात अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. अमोनियाने कल्ले भाजतात. फिल्टरच्या स्पंजात राहणारे जिवाणू या अमोनियाचा नायट्राइट करतात. तेही विषारीच, कारण माशाचं रक्त त्यामुळे प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचा नायट्रेट करतात आणि हा नायट्रेट बऱ्याच प्रमाणात सोसतो. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि मासे आणण्याआधी त्यांना असं वाढू देणं म्हणजेच सायकलिंग. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसत असलं तरी पहिल्या आठवड्यात ते माशासाठी तयार नसतं, आणि डोळ्यांनी हे कळत नाही.

म्हणून टाकी भरा, फिल्टर आणि हिटर चालू करा, पाणी २८ अंशांवर ठेवा आणि मासे आणू नका. रोज चिमूटभर माशांचं खाणं आत टाका. ते कुजेल, अमोनिया तयार होईल, जिवाणूंना खाद्य मिळेल. थेंबांचं टेस्ट किट घ्या, कागदी पट्ट्यांपेक्षा ते भरवशाचं. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल, मग तोही उतरेल. एका वहीत तारखेसमोर आकडे लिहीत गेलात की हे चढ-उतार स्पष्ट दिसतात. खाणं टाकूनही अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग काही दिवस शून्य येतात आणि नायट्रेट दिसतो, त्या दिवशी टाकी तयार झाली. मग निम्मं पाणी बदला आणि दुकान गाठा.

ओळखीच्या कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणा. ओला ठेवा, तासाभरात आपल्या फिल्टरमध्ये घाला. सहा आठवड्यांचं काम दोन आठवड्यांवर येतं. बाटलीतले जिवाणूही मिळतात, त्यांचा गुण कधी येतो, कधी येत नाही. ते घातले तरी किटने तपासल्याशिवाय मासे सोडू नका.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: पीएच आणि तापमान जितकं जास्त, तितका तेवढाच अमोनिया अधिक विषारी. शेजाऱ्याच्या नळाच्या पाण्यात जे खपलं ते तुमच्याकडे खपेलच असं नाही.

फिल्टर आणि हिटर

एअर पंपावर चालणारा मोठा स्पंज फिल्टर एंजलसाठी उत्तम. स्वस्त, संथ, आणि जिवाणूंना भरपूर जागा. तीन फुटी टाकीला असे दोन लावा. पॉवर फिल्टर लावलात तर त्याचा झोत काचेकडे वळवा, एंजलचे उंच पर शिडासारखे वारा धरतात आणि जोराच्या प्रवाहात तो दमून जातो.

स्पंज नळाखाली धुवायचा नाही. आठवड्याचं पाणी बदलताना टाकीतलंच पाणी बादलीत घ्यायचं आणि त्यात तो दोन-तीनदा पिळायचा. नळाच्या क्लोरिनने महिनाभर वाढवलेले जिवाणू मरतात.

हिटर लिटरमागे साधारण एक वॉट या हिशेबाने, थर्मोस्टॅट असलेलाच. सोबत वेगळा थर्मामीटर लावा, कारण हिटरच्या बटणावरचा आकडा आणि पाण्याचं तापमान नेहमी जुळतंच असं नाही. २६ ते २८ अंश ही एंजलची जागा. मुंबईत हिटर वर्षातून थोडेच दिवस पेटतो, नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात मात्र तो नसेल तर मासे कोपऱ्यात गोठून बसतात. पाण्यात हात घालण्याआधी हिटर बंद करून प्लग काढा, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

आता मासे

पाच-सहा पिल्लं एकदम घ्या. एंजल लहानपणी घोळक्याने राहतो, आणि दोनच ठेवले तर जोराचा एक दुसऱ्याला जगू देत नाही. घोळक्यात दांडगाई वाटली जाते. वास्तूसाठी नऊ मासे हवेत असं कुणी सांगितलं तरी आकडा टाकीच्या लिटरवरूनच ठरवा.

दुकानात घाई करू नका. टाकीसमोर दहा मिनिटं उभं राहून नुसतं बघा. डोळा अंगाच्या मानाने फार मोठा दिसत असेल तर त्या माशाची वाढ खुंटलेली आहे. वय वाढलंय, अंग वाढलेलं नाही. पोटाखालचे दोन लांब दोऱ्यांसारखे पर सरळ आणि सारखे हवेत. वरचा पर ताठ उभा हवा, अंगाला चिकटलेला नको. कल्ल्यांची दोन्ही झाकणं सारख्या लयीत उघडझाप करायला हवीत. एक कल्ला बंद ठेवून दुसऱ्याने श्वास घेणारा मासा आजारी असण्याची शक्यता फार. पांढरी, दोरीसारखी विष्ठा लोंबत असेल तर सोडून द्या. मग दुकानदाराला थोडं खाणं टाकायला सांगा. ‘भाऊ, जरा खाऊन दाखवतात का बघू’ म्हटलं की चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. धावत वर येणारे घ्या. आणि त्या टाकीत एकही मेलेला मासा दिसला तर त्या दिवशी तिथून काहीच घेऊ नका, इतर कितीही देखणे असोत.

माल कधी आला तेही विचारा. आपल्याकडे बरेच मासे चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या भागातून किंवा कोलकात्याहून प्रवास करून येतात. कालच उतरलेला मासा दमलेला असतो. आठवडाभर दुकानात राहून खाऊ लागलेला घ्यावा.

घरी आल्यावर टाकीचा दिवा बंद करा. पिशवी न उघडता १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. मग तोंड उघडून दर पाच मिनिटांनी वाटीभर टाकीचं पाणी पिशवीत घाला, अर्धा तास. शेवटी जाळीने मासे उचलून टाकीत सोडा आणि पिशवीतलं पाणी फेकून द्या. दुकानातलं पाणी आपल्या टाकीत जाता कामा नये, आजार बहुतेक त्याच वाटेने येतात. त्या रात्री खाणं नाही. मासे कोपऱ्यात लपले, पट्टे गडद-फिके झाले तरी काचेवर टकटक करू नका, एक-दोन दिवसांत ते पुढे येतात.

सोबतीला कोण

कोरीडोरास तळाला, रमीनोज किंवा लेमन टेट्राचा थवा मध्ये, हवा असल्यास शेवाळ खाणारा एक छोटा ब्रिसलनोज. इतकंच पुरे.

टायगर बार्ब नको, तो एंजलचे पर कुरतडतो. विडो टेट्रालाही ती खोड असते. निऑन टेट्रा लहान एंजलसोबत छान दिसतो, पण एंजल मोठा झाला की एकेक निऑन गायब होतो. एंजल शिकारी मासा आहे, तोंडात मावेल ते खातो. त्यामुळे गप्पीची पिल्लं आणि लहान कोळंब्याही नकोत. गोल्डफिशला थंड पाणी लागतं, म्हणून तोही नाही. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न तर नाहीच नाही.

सर्वांत जास्त चुकीची विक्री होते ती सकर माशाची. ‘टाकी साफ करतो’ म्हणून बोटाएवढा सकर हातात दिला जातो. तो दीड फुटाच्या आसपास वाढतो, टाकी साफ करण्याऐवजी घाण वाढवतो, आणि रात्री झोपलेल्या एंजलच्या चपट्या अंगाला चिकटून त्याचा चिकट थर ओरबाडतो. सकाळी एंजलच्या अंगावर गोल फिकट डाग दिसला आणि टाकीत सकर असेल, तर कारण तेच समजा.

खाणं

पिल्लांना दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं, मोठ्यांना दोनदा. दोन मिनिटांत संपेल एवढंच. चांगल्या प्रतीचे दाणे किंवा फ्लेक्स हा पाया, आठवड्यातून दोन-तीनदा फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवले जीव). जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल किडे, गटाराच्या पाण्यातून येतात आणि आजार सोबत आणतात, ते टाळा. आठवड्यातून एक दिवस उपास.

एंजल खाणं देणाऱ्या माणसाला ओळखू लागतो. तुम्ही खोलीत शिरलात की काचेशी येऊन वर-खाली नाचतो. घरातले सगळे मग ‘भुकेला आहे बिचारा’ म्हणून चिमूट-चिमूट टाकतात. खाणं कोण देणार ते ठरवा आणि डबा त्याच्याच ताब्यात ठेवा.

दर आठवड्याला

पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. सायफनचा पाइप वाळूवरून फिरवून तळाची घाण ओढा. नवं पाणी टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट हवं. हाताला फरक जाणवू नये. बादली फक्त माशांसाठी ठेवलेली असू द्या, साबणाचा अंश तिला लागता कामा नये. काढलेलं पाणी बाल्कनीतल्या कुंड्यांना घाला, त्यात नायट्रेट असतो आणि झाडांना तो मानवतो. नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅमच्या आसपास राहिला तर उत्तम, ४० च्या वर जाऊ देऊ नका. दिवा दिवसाला आठ तास पुरतो. सगळं पाणी काढून टाकी घासून पुन्हा भरण्याची जी दरमहा प्रथा अनेक घरांत आहे, तिने सायकल मोडते आणि मासे मरतात.

उन्हाळा, वीज आणि डास

नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात टाकीचं पाणी ३२-३३ अंशांवर सहज जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे मासे वर येऊन धापा टाकू लागतात. झाकणाच्या जागी जाळी लावून पाण्यावर छोटा पंखा सोडा, बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. एअर पंप जोरात ठेवा, दुपारी दिवा बंद. बर्फ टाकू नका, अचानक उतार चढापेक्षा वाईट.

वीज गेली तर आधी एअर पंप चालू राहायला हवा. बॅटरीवर चालणारा पंप घरात असू द्या किंवा पंप इन्व्हर्टरवर जोडा. वीज नसताना खाणं द्यायचं नाही.

डासांचा स्प्रे, लिक्विड मशीन, पेस्ट कंट्रोल यांत पायरेथ्रॉइड गटातली रसायनं असतात आणि ती माशांना अत्यंत घातक आहेत. एअर पंप खोलीतली हवा थेट पाण्यात सोडतो, म्हणून टाकीच्या खोलीत हे वापरूच नका. पेस्ट कंट्रोल अटळ असेल तर पंप बंद करून टाकी प्लास्टिक आणि ओल्या चादरीने झाका, खोली मोकळी हवा खेळवून निवली की लगेच पंप सुरू करा. घराला रंग देतानाही हीच काळजी.

आजार

अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके म्हणजे इक. तापमान दोन दिवसांत हळूहळू ३० अंशांपर्यंत न्या, हवा वाढवा आणि इकवरचं औषध मापाने द्या. ठिपके गेले म्हणून लगेच थांबू नका. औषध त्या परजीवीवर तो पाण्यात मोकळा पोहत असतानाच लागू पडतं, म्हणून पुढेही काही दिवस चालू ठेवावं लागतं. खाणं तोंडात घेऊन थुंकणं, पोट खपाटीला जाणं, पांढरी दोरीसारखी विष्ठा ही आतड्यातल्या परजीवींची लक्षणं. यावर मेट्रोनिडॅझोल वापरतात, पण माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला विचारून. काहीही बिनसलं तर आधी किट काढून अमोनिया-नायट्राइट बघा, निम्म्या ‘आजारांचं’ मूळ पाण्यात सापडतं.

निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, मुख्य टाकीत ओतू नका. ते फिल्टरच्या जिवाणूंना आणि वनस्पतींना मारतं. एक-दीड फुटाची साधी टाकी बाजूला ठेवा, आजारी मासा तिथे हलवा. पुढे आणलेले नवीन मासेही दोन-तीन आठवडे तिथेच ठेवून मग मोठ्या टाकीत आणा.

जोडी जमली तर

नर-मादी लहानपणी ओळखू येत नाहीत, ‘जोडी देतो’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. आठ-दहा महिन्यांचे झाले की घोळक्यातले दोघे आपोआप एका कोपऱ्यात सरकतात, एखादं उभं पान, पाइप किंवा काच तोंडाने घासून साफ करू लागतात आणि बाकीच्यांना हुसकावतात. अशा वेळी टाकी चार मोठ्या माशांनाही अपुरी पडते. हुसकावलेल्यांना दुसरं घर शोधा, नाहीतर फाटलेल्या परांचे मासे वरच्या कोपऱ्यात अडकून पडलेले दिसतील.

अंडी काहीशेच्या संख्येत, रांगेत चिकटवली जातात. दोघेही परांनी वारा घालतात, पांढरी पडलेली अंडी उचलून खातात. दोन-तीन दिवसांत पिल्लं फुटतात, आणखी चार-पाच दिवसांनी पोहू लागतात. नवी जोडी पहिल्या काही खेपांना सगळी अंडी खाऊन टाकते. तसं झालं तर काही करू नका, दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा घालतात. पिल्लं वाढवायचीच असतील तर पोहायला लागल्याच्या दिवसापासून ताजी फोडलेली आर्टेमियाची पिल्लं त्यांना हवीत, दाण्यांची पूड पुरत नाही. त्यासाठी मिठाच्या पाण्याची बाटली, आर्टेमियाची अंडी आणि एअर पंप आधीच तयार ठेवा.

आणि शंभर पिल्लं जगली तर ती कुठे जाणार, हे अंडी दिसण्याआधी ओळखीच्या दुकानदाराशी बोलून ठेवा. बहुतेक जण नाण्याएवढी झाल्यावर घेतात, बदल्यात खाणं किंवा वनस्पती देतात. विहिरीत, तलावात किंवा नदीत एकही सोडायचा नाही, एंजल नाही आणि सकर तर मुळीच नाही. असेच सोडलेले सकर आज देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत पसरलेत आणि मच्छीमारांच्या जाळ्यांत स्थानिक माशांऐवजी तेच येऊ लागलेत.